बाथरूम नवे, टाकी तीच

नोव्हेंबर १९२७. अंबादेवी मंदिरप्रवेशासाठी अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. देवीचे दार बंद होते. पण वाड्यांच्या मागच्या बोळात एक दार उघडे असायचे, टोपलीच्या संडासाचे! मैला उचलणाऱ्या जातीसाठी तेवढेच.

आज अमरावती-अकोल्यात त्याच घरांत टाइल्स, कमोड, गीझर बसताहेत. छान. पण इथवर यायला कायदा लागला: १९९३ मध्ये बंदी, २०१३ मध्ये असा संडास स्वखर्चाने पाडण्याची किंवा बदलण्याची भोगवटादारावर सक्ती. हा दुसरा कायदा लागू झाला ६ डिसेंबरला. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टाकीत उतरवणेही त्यात गुन्हा आहे. तरी गवंड्याच्या हिशेबात टाइल्सचा भाव असतो, टाकी कशी उपसणार ते नसते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर न्यावी लागली.