हिवाळ्यात बांधलेला संघ

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव, असा समितीचा निरोप आला तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. शाळेच्या आठवणी लिहिणारे माझ्यापेक्षा चांगले हात आपल्या बॅचमध्ये आहेत. मग विचार केला की पंचवीसहून अधिक वर्षं मी ज्या शहरात राहतोय, तिथल्या एका संघाची हकिकत सांगावी. संघ बेसबॉलचा आहे, पण क्रिकेट खेळलेल्या कोणालाही ती कळेल. शिवाय तिच्यामुळे मला आपल्या शाळेतली एक जुनी गोष्ट कबूल करायची आहे. ती शेवटी करतो.

आपण दहावी झालो १९८५ साली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅन्सस सिटी रॉयल्स या संघाने शेजारच्या सेंट लुईसला हरवून बेसबॉलचं सर्वोच्च विजेतेपद, म्हणजे वर्ल्ड सिरीज, जिंकली. मी १९९९ साली नोकरीनिमित्त इथे आलो तेव्हा लोक त्या विजयाबद्दल आपल्याकडे १९८३ च्या विश्वचषकाबद्दल बोलतात तसं बोलायचे. कारण त्यानंतर सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. पुढे तर आणखी वाईट दिवस आले. हंगामात १६२ सामने असतात. २००२, २००४, २००५ आणि २००६ या चार वर्षांत रॉयल्स दर वेळी शंभर किंवा त्याहून जास्त सामने हरले. तिकिटं स्वस्त होती आणि हव्या त्या खुर्चीवर बसता यायचं. मी मुलांना घेऊन जायचो, ते मुख्यतः शेंगदाणे खायला.

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गोलंदाजाला इथे पिचर म्हणतात. सामना नऊ इनिंगचा असतो आणि सुरुवातीचा पिचर साधारण शंभर चेंडू टाकून थकतो. मग राखीव पिचर एकामागून एक येतात. त्यांच्या तुकडीला बुलपेन म्हणतात. दूरच्या मैदानाला आउटफील्ड म्हणतात आणि तिथे उभे असतात फक्त तिघे. रॉयल्सच्या कॉफमन स्टेडियममध्ये फलंदाजासमोरचं कुंपण ४१० फुटांवर, म्हणजे सुमारे १२५ मीटरवर आहे. क्रिकेटची सीमारेषा ९० यार्डांपेक्षा, म्हणजे ८२ मीटरांपेक्षा लांब नसते. यावरून त्या तिघांना किती रान राखायचं असतं ते लक्षात येईल.

२००६ मध्ये डेटन मूर संघाचे जनरल मॅनेजर झाले. संघबांधणी हे त्यांचं काम. एप्रिल ते ऑक्टोबर खेळ चालतो, पण संघ बांधला जातो तो थंडीत, दोन हंगामांच्या मधल्या काळात. करार संपलेले खेळाडू तेव्हा बाजारात येतात आणि संघ आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करतात. कॅन्सस सिटी हे छोटं शहर. टीव्हीचे पैसे न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसच्या मानाने किरकोळ. कुंपणापलीकडे चेंडू मारणारे, म्हणजे होमरनवाले, फलंदाज बाजारात सर्वांत महाग. ते घेण्याची या संघाची ऐपत नव्हती, आणि एवढ्या मोठ्या मैदानात त्यांचेही बरेच फटके आतच पडले असते.

मग मैदान जसं आहे तसा संघ बांधायचा, असं ठरलं. केलेली धाव आणि वाचवलेली धाव यांची किंमत सामन्यात सारखीच असते. बाजारात मात्र वाचवलेली धाव फार स्वस्त मिळत होती.

डिसेंबर २०१० मध्ये रॉयल्सने आपला सर्वोत्तम पिचर झॅक ग्रिंकी मिलवॉकीला दिला. बदल्यात आलेल्या चौघांत लोरेन्झो केन हा मधल्या आउटफील्डचा खेळाडू होता. फ्लोरिडातल्या एका लहान गावातला हा मुलगा हायस्कूलमध्ये दुसऱ्या वर्षाला जाईपर्यंत बेसबॉल खेळलाच नव्हता. बास्केटबॉलच्या संघात घेतलं नाही म्हणून तो इकडे वळला. डावीकडे आला ॲलेक्स गॉर्डन. तो खरा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू आणि मोठ्या अपेक्षांखाली दबलेला. २०१० मध्ये त्याला खालच्या संघात पाठवून आउटफील्डचे धडे द्यायला लावले. पुढच्याच वर्षी त्याला क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह मिळाला आणि तो त्याने सलग चार वर्षं सोडला नाही. तिसरा जॅरॉड डायसन. २००६ च्या खेळाडू निवडीत पन्नास फेऱ्या होत्या. याचं नाव आलं पन्नासाव्या फेरीत. फलंदाजी बेताचीच, पण पळायला लागला की वारा.

आता पिचरकडे येतो. डिसेंबर २०१२ मध्ये मूर यांनी विल मायर्स हा देशभर गाजत असलेला तरुण फलंदाज आणखी तिघांसह टॅम्पा बेला दिला आणि जेम्स शील्ड्स व वेड डेव्हिस हे पिचर आणले. त्या वेळी इतकी टीका झाली की विचारू नका. मायर्स २०१३ चा सर्वोत्तम नवोदित ठरला तेव्हा टीकाकारांना आणखी जोर आला. मीही त्यांच्यातच होतो. ऑफिसच्या कँटीनमध्ये मी तावातावाने म्हणायचो की धावा करणारा मुलगा कोणी असा देऊन टाकतं का? त्यातून डेव्हिस सुरुवातीचा पिचर म्हणून सपशेल पडला. नऊ इनिंगमागे त्याने पाचपेक्षा जास्त धावा दिल्या. पण २०१४ मध्ये त्याला बुलपेनमध्ये ठेवून एका वेळी एकच इनिंग दिली. एकच इनिंग टाकायची असल्यावर ताकद राखून ठेवावी लागत नाही, आणि फलंदाजाला त्याला दुसऱ्यांदा पाहायची संधी मिळत नाही. त्या वर्षी त्याची सरासरी नऊ इनिंगमागे बरोबर एक धाव होती. सातवी इनिंग हेरेरा, आठवी डेव्हिस, नववी हॉलंड. सहा इनिंगनंतर रॉयल्स पुढे असले की समोरचा संघ बहुधा संपलाच.

या दोन शोधांचा एकमेकांशी असलेला संबंध माझ्या फार उशिरा लक्षात आला. काही पिचर फलंदाजांना चकवून बाद करतात. ते महाग. काहींच्या चेंडूवर उंच झेल उडतात. लहान मैदानावर अशांचं काही खरं नाही, म्हणून ते स्वस्त. पण मैदान मोठं असेल आणि केन, गॉर्डन, डायसन यांच्यासारखे लोक मागे उभे असतील, तर तेच उंच चेंडू अलगद हातात येऊन पडतात. म्हणजे चांगले क्षेत्ररक्षक असले की साधा पिचरही कामाचा होतो आणि राखीव पिचरांची फळी परवडणाऱ्या किमतीत उभी राहते.

२०१४ मध्ये रॉयल्सचे होमरन सगळ्या तीस संघांत सर्वांत कमी होते, फक्त ९५. तरी २९ वर्षांनी संघ बाद फेरीत गेला. ३० सप्टेंबरच्या रात्री ओकलंडविरुद्ध ३-७ असे मागे असताना त्यांनी बाराव्या इनिंगमध्ये ९-८ ने सामना काढला. त्यानंतर एकही पराभव न पत्करता ते वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचले. तिथे सातव्या सामन्यात २-३ ने हरले. शेवटचा फलंदाज बाद झाला तेव्हा बरोबरीची धाव घेऊन गॉर्डन तिसऱ्या बेसवर, म्हणजे घरापासून नव्वद फुटांवर, उभा होता. त्या रात्री झोप लागली नाही.

त्यानंतरचा हिवाळा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शील्ड्स गेला, आउटफील्डचा आओकी गेला, जुना फलंदाज बटलर गेला. वर्तमानपत्रं म्हणत होती की आता मोठं नाव आणा. आले ते असे : पिचर व्होल्केझ, दोन वर्षांसाठी दोन कोटी डॉलर. आउटफील्डला रिओस, एका वर्षासाठी १ कोटी १० लाख. कोपराच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेतून सावरत असलेला मेडलेन. २०११ नंतर मोठ्या स्पर्धेत एकही चेंडू न टाकलेला रायन मॅडसन, तोही मुख्य संघात जागेची हमी नसलेल्या करारावर. आणि मार्चमध्ये, हंगाम तोंडावर आला असताना, खांद्याच्या दुखण्यांतून गेलेला सहा फूट दहा इंचांचा ख्रिस यंग. याचे चेंडू कायम उंचच उडायचे. ही यादी वाचून मला हसू आलं होतं.

पुढे काय झालं ते पाहा. जुलैत गॉर्डन कुंपणाकडे धावताना जांघेत दुखावला आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत बाहेर बसला. त्याची जागा डायसन आणि पाउलो ऑर्लँडो या ब्राझीलच्या धावपटूने राखली. सुरुवातीचा पिचर वर्गास कोपराने गेला. तिथे यंग उभा राहिला. सप्टेंबरात हॉलंडचं कोपर निकामी झालं. मग डेव्हिस नवव्या इनिंगला सरकला आणि आठवी मॅडसनकडे आली. प्रत्येक भोकाला बूच तयार होतं. वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना चौदा इनिंग चालला. त्यातल्या शेवटच्या तीन इनिंग यंगने टाकल्या, एकही फटका लागू दिला नाही आणि सामना त्याच्या नावावर लागला.

१ नोव्हेंबर २०१५, न्यूयॉर्क, पाचवा सामना, बारावी इनिंग, २-२. पेरेझ पहिल्या बेसवर पोहोचला, त्याच्या जागी पळायला पन्नासाव्या फेरीतला डायसन आला. त्याने दुसरा बेस चोरला, गॉर्डनच्या फटक्यावर तिसरा गाठला. मग फलंदाजीला आला ख्रिश्चन कोलोन. त्या वर्षीच्या संपूर्ण बाद फेरीत तो एकदाही फलंदाजीला आलेला नव्हता. महिनाभर नुसता बाकावर. त्याने चेंडू डावीकडे मारला आणि डायसन घरी आला. सामना ७-२ ने संपला. दोन दिवसांनी मिरवणूक निघाली. शहराच्या अंदाजाने आठ लाख माणसं होती. शाळांना सुट्टी होती. त्या गर्दीत मीही होतो.

ही फळी कायम टिकली नाही. करार संपले, माणसं गेली, २०१८ मध्ये संघ पुन्हा १०४ सामने हरला. स्वस्तात मिळालेली गोष्ट तिची किंमत कळल्यावर महाग होते, हाही या इतिहासाचाच भाग.

आपल्याकडेही हे नवीन नाही. एकनाथ सोलकरांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले, तेही बहुतेक फलंदाजाच्या नाकासमोर उभं राहून. आपल्या फिरकीचं जेवढं कौतुक झालं त्यातला काही वाटा त्या हातांचा होता. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले आणि एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. पण आपण शाळेत असताना गावस्करांची शतकं पाठ करायचो, सोलकरांचे झेल कोणी मोजत नव्हतं.

आता ती कबुली. दहावीच्या वर्षी तालुक्याच्या आंतरशालेय स्पर्धेत आपली शाळा अंतिम सामन्याला गेली होती आणि कप्तान मी होतो. आपल्यातला एकजण दोन वर्षं लाँग ऑनला, कडुनिंबाखाली, उभा राहायचा. त्याच्या हातून चेंडू निसटलेला मला आठवत नाही. फेक थेट यष्टिरक्षकाच्या हातात. फलंदाजीला अकरावा. अंतिम सामन्याला मी त्याला काढलं आणि फटके मारणारा एकजण घेतला. पीटीच्या सरांनी विचारलं, "नक्की?" मी म्हणालो, "धावा पाहिजेत, सर." त्या फटकेबाजाने दोन धावा केल्या. कडुनिंबाकडून तीन चौकार गेले आणि आपण सात धावांनी हरलो. संध्याकाळी एसटी स्टँडपर्यंत किटची बॅग त्यानेच उचलून नेली. मला एक शब्द बोलला नाही, ना तेव्हा, ना नंतर कधी. मी मात्र चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो की खेळपट्टी खराब होती.

खेळपट्टी चांगली होती. निवड चुकली होती, आणि ती माझी होती.

त्याचं नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. तो मेळाव्याला येणार आहे असं कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर टेनिस बॉलचा सामना ठेवलाय म्हणे. संघनिवडीचं काम कोणीतरी मला द्या. पहिलं नाव कोणाचं असेल ते वाचणाऱ्यांना कळलंच असेल. किटची बॅग मी उचलीन.