सुपरमॅनचा नॉमिनी कोण?

ज्या वस्तूत आपला एका पैशाचाही हिस्सा नाही, तिच्या भवितव्याविषयी माणूस जितक्या पोटतिडकीने भांडतो तितका तो स्वतःच्या प्रॉव्हिडंट फंडाविषयी भांडत नाही. बँकेच्या खिडकीमागे वीस-बावीस वर्षं बसून काढलेला हा निष्कर्ष आहे. व्याजाचा दर अर्ध्या टक्क्याने उतरला तर खातेदार 'चालायचंच' म्हणत पासबुक खिशात घालतो. पण तोच गृहस्थ भारतीय संघात यष्टिरक्षक कोण असावा यावरून रांगेतल्या मागच्या माणसाची कॉलर धरायला तयार असतो.

आमच्या नातेवाइकांत अलीकडे यष्टिरक्षकाची जागा सुपरमॅनने घेतली आहे. माझा भाचा आणि त्याचे तीन मित्र रविवारी सकाळी बहिणीकडे जमतात आणि पोह्यांच्या साक्षीने सुपरमॅनच्या सिनेमांचं पुढे काय करायचं ते ठरवतात. एका पक्षाच्या मते हेन्री कॅव्हिल हाच खरा सुपरमॅन, बाकीचे तोतये. दुसरा पक्ष नव्या डेव्हिड कोरेन्स्वेटचा. तिसऱ्याचं म्हणणं, सुपरमॅन क्रिस्टोफर रीव्हबरोबरच संपला. रीव्ह २००४ साली गेला तेव्हा हा मुलगा पाळण्यातही नव्हता, पण निष्ठेला जन्मदाखला लागत नाही. चौथा नुसता पोहे खातो. माझं त्याच्याशीच जमतं.

"मामा, तुला यातलं काही कळत नाही," असं भाच्याने एकदा सर्वांदेखत जाहीर केलं. आता मी पडलो बी. कॉम. माणूस. चालू खातं कळेनासं झालं की मागची खतावणी काढायची, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं. तेव्हा मी या भांडणाची जुनी खतावणी काढून बसलो.

पहिली नोंद १ मार्च १९३८ ची. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड गावचे जेरी सीगल आणि जो शुस्टर हे शाळासोबती. एक गोष्टी लिहायचा, दुसरा चित्रं काढायचा. दोघेही तेवीस वर्षांचे. त्यांनी सुपरमॅन नावाचा एक इसम तयार करून काही वर्षं दारोदार हिंडवला होता, पण त्याला कोणी उभं करेना. शेवटी एका कॉमिक्सवाल्या कंपनीने तो घेतला. पानं तेरा, पानाला दहा डॉलर, एकूण एकशेतीस डॉलर. आणि या एकशेतीस डॉलरांत नुसती तेरा पानंच गेली नाहीत. सुपरमॅन, त्याचा तो पाठीवरचा लाल शेला, आणि पुढे होणारी सगळी पिलावळ कायमची कंपनीच्या नावावर चढली.

चेक ४१२ डॉलरचा होता, कारण त्यात दुसऱ्या कामाचेही पैसे होते. आता आमच्या धंद्यातली गंमत ऐका. चेकवर दोघांच्याही आडनावांचं स्पेलिंग चुकलं होतं. म्हणून बिचाऱ्यांनी पाठीमागे दोन-दोन सह्या केल्या. एक चुकलेल्या नावाची, एक खऱ्या नावाची. असा चेक आमच्या शाखेत आला असता तर पासिंग ऑफिसरने 'नावात तफावत' असा शेरा मारून परत पाठवला असता, आणि सुपरमॅन कदाचित सीगल-शुस्टरच्याच घरी राहिला असता. अमेरिकन बँकेच्या ढिलाईने केवढा अनर्थ झाला पाहा! हाच वटलेला चेक २०१२ साली लिलावात एक लाख साठ हजार डॉलरला गेला. तेव्हापासून आमच्या रेकॉर्ड रूममधल्या पोत्यांकडे मी जरा आदराने बघतो. आणि ती गोष्ट ज्या अंकात छापली त्याची किंमत होती दहा सेंट. त्याची एक प्रत २०२४ साली साठ लाख डॉलरला गेली. इतकं चक्रवाढ व्याज आमच्या कुठल्याच योजनेत बसत नाही.

पुढे सीगल आणि शुस्टर यांनी कोर्टकचेऱ्या केल्या, हरले, आणि सुपरमॅनवरचं त्यांचं नावही उडालं. शुस्टरची दृष्टी अधू झाली. चित्रकाराची! सीगल कॅलिफोर्नियात कारकून-टंकलेखक म्हणून लागला. हे वाचलं आणि मला तो एकदम आपल्यातला वाटायला लागला. ज्याने आगगाडी उचलणारा माणूस जन्माला घातला, तो स्वतः दहा ते पाच फायली उचलत होता. १९७५ मध्ये बातमी आली की सुपरमॅनवर प्रचंड खर्चाचा सिनेमा निघतोय. सीगलने वर्तमानपत्रांना लांबलचक पत्र धाडलं आणि त्या सिनेमाला चक्क शाप दिला. आजवर मी ग्राहकांचे पुष्कळ तक्रारअर्ज फाइल केलेत, पण शापाचा अर्ज अजून आलेला नाही. (वाचकांनी ही सूचना समजू नये.)

मात्र शाप लागू पडला. चित्रकार मंडळी आणि त्यांच्या संघटना दोघांच्या मागे उभ्या राहिल्या, वर्तमानपत्रांनी प्रकरण उचलून धरलं, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात वॉर्नरने दोघांना वर्षाला वीस-वीस हजार डॉलर द्यायचं आणि त्यांची नावं पुन्हा छापायचं कबूल केलं. १९७८ च्या सिनेमात ती नावं झळकली. त्याच सिनेमात सुपरमॅनच्या बापाचं थोडंसं काम करायला मार्लन ब्रँडोने सदतीस लाख डॉलर घेतले. जन्म देणाऱ्यांना एकशेतीस आणि बापाचं सोंग काढणाऱ्याला सदतीस लाख! आपल्याकडे १९८७ च्या हिंदी 'सुपरमॅन'मध्ये हेच बापाचं काम धर्मेंद्रने केलं; सुपरमॅन होता पुनीत इस्सर. त्याचा पुढचा भाग यावा म्हणून कोणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही.

या सगळ्या खतावणीत मला मनापासून पटलेलं भांडण हे एकच. ते सुपरमॅनच्या भवितव्याचं नव्हतं, त्याच्या आईबापांच्या भाकरीचं होतं. बाकीच्या भांडणांची बातच वेगळी.

उदाहरणार्थ १९८८ साल. बॅटमॅन हा सुपरमॅनचा त्याच कंपनीतला सहकारी. त्याच्या हाताखाली रॉबिन नावाचा एक पोरगा असतो. तेव्हाचा रॉबिन, जेसन टॉड, वाचकांपैकी पुष्कळांना आवडत नव्हता. कंपनीने काय करावं? त्याला बाँबस्फोटात सापडलेला दाखवला आणि मासिकात दोन टेलिफोन नंबर छापले. जगवायचा असेल तर हा फिरवा, मारायचा असेल तर तो. एका फोनला पन्नास सेंट, मुदत दीड दिवस, म्हणजे दीड दिवसाच्या गणपतीइतकी. निकाल लागला : मारा म्हणणारे ५३४३, जगवा म्हणणारे ५२७१. बहात्तर मतांनी पोरगं गेलं. मी कॅल्क्युलेटर काढून हिशेब केला. एकूण फोन १०,६१४, म्हणजे ५३०७ डॉलर. एका पोराचा खून आणि त्याला रीतसर वर्गणी! संपादक डेनिस ओनील यांनी पुढे सांगितलं की एकाच गड्याने कॉम्प्युटरला कामाला लावून 'मारा'चा नंबर तासन्‌तास फिरवला, असं त्यांच्या कानावर आलं होतं. बोगस मतदानाचा शोध आपणच लावला असा जो आपल्याला अभिमान आहे, तो थोडा आवरलेला बरा. आणि एवढं होऊन २००५ मध्ये कंपनीने जेसन टॉडला जिवंत करून परत आणला. पन्नास सेंट मात्र परत केले नाहीत.

त्याच सुमारास बॅटमॅनच्या सिनेमासाठी मायकेल कीटन या विनोदी नटाची निवड झाली. चाहत्यांनी निषेधाची सुमारे पन्नास हजार पत्रं पाठवली. आमच्या इनवर्ड क्लार्कला हा आकडा सांगितला तर तो तिथल्या तिथे रजेवर जाईल. १९८९ मध्ये सिनेमा लागला, तुफान चालला, आणि पुढे कीटनच खरा बॅटमॅन म्हणून भांडणारी नवी पिढी तयार झाली. २००६ मध्ये जोकरच्या कामासाठी हीथ लेजरचं नाव आलं तेव्हाही अशीच टिंगल झाली. त्याच कामाला पुढे ऑस्कर मिळालं, पण ते घ्यायला लेजर राहिला नव्हता. यावरून चाहत्यांनी काही धडा घेतला असेल असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही कधी चाहते झालेला नाहीत.

आता मुख्य खातं. भाच्याच्या टोळीचं सगळं भांडण इथून सुरू होतं. झॅक स्नायडर या दिग्दर्शकाने २०१३ मध्ये कॅव्हिलला सुपरमॅन केलं, आणि पुढे सगळ्या वीरांना एकत्र आणणारा 'जस्टिस लीग' करायला घेतला. मार्च २०१७ मध्ये त्याच्या तरुण मुलीने आत्महत्या केली. मे महिन्यात त्याने सिनेमा सोडला. उरलेलं काम जॉस व्हेडन या दुसऱ्या दिग्दर्शकाने केलं, आणि कंपनीच्या हुकमाने सिनेमा दोन तासांत बसवला. पुन्हा चित्रीकरण करायची वेळ आली तेव्हा कॅव्हिलला मिशी होती. ती त्याने 'मिशन इम्पॉसिबल'साठी वाढवलेली. पॅरामाउंट कंपनीने सांगितलं, काढायची नाही. म्हणजे सुपरमॅनच्या ओठावर पॅरामाउंटचा बोजा! सातबाऱ्यावरचा बोजा कर्ज फेडून तरी उतरतो. ही मिशी कॉम्प्युटरवर उतरवावी लागली. पडद्यावर सुपरमॅनचा वरचा ओठ असा दिसतो की नुकताच दंतवैद्याकडून आलाय.

सिनेमा नोव्हेंबर २०१७ मध्ये लागला आणि काही दिवसांतच मागणी सुरू झाली की स्नायडरने मनात धरलेला मूळ सिनेमा बाहेर काढा. अर्जावर लाखाच्या वर सह्या. २०१९ मध्ये सॅन डिएगोच्या मेळाव्यावर मागणीची पताका लावलेलं विमान फिरवलं, न्यू यॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये फलक झळकवला. विरुद्ध बोलणाऱ्यांचं जगणं नकोसं करणारेही यात होतेच. २०२२ मध्ये तर उघड झालं की कंपनीने करवून घेतलेल्या तपासणीप्रमाणे या चळवळीत बोलणाऱ्या खात्यांपैकी निदान तेरा टक्के बनावट होती. केवायसी, केवायसी म्हणून आम्ही कंठशोष करतो तो उगीच नाही.

पण वर्गणी गोळा करताना या मंडळींनी एक केलं. जमलेल्या पैशांतला वाटा आत्महत्या टाळण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेला दिला. हळूहळू ती रक्कम पाच लाख डॉलरच्या वर गेली. ज्या बापाच्या सिनेमासाठी भांडायचं त्याचं दुःख त्यांनी ध्यानात ठेवलं. ओठ आणि मिशीवरून एकमेकांचे गळे धरणाऱ्या लोकांनी हे करावं, याचा ताळेबंद मला अजून जुळवता आलेला नाही. शेवटी कंपनीने सुमारे सात कोटी डॉलर आणखी घातले आणि १८ मार्च २०२१ ला स्नायडरचा सिनेमा दाखवला. लांबी चार तास दोन मिनिटं. शेवटी तो मुलीला अर्पण केलाय.

जिंकलेल्या चाहत्यांना वाटलं, आता कारभार आपल्याच हाती. कारभार कोणाच्या हाती असतो ते २०२२ मध्ये कळलं. कंपनीचा मालक बदलला. ऑगस्टमध्ये 'बॅटगर्ल' हा जवळजवळ पुरा झालेला, नऊ कोटी डॉलरच्या आसपास खर्चाचा सिनेमा न दाखवताच बंद करून त्याचा खर्च करासाठी बुडीत खात्यात टाकला. बुडीत कर्ज मी पाहिलंय, बुडीत नायिका प्रथमच पाहिली. ऑक्टोबरात कॅव्हिलने जाहीर केलं, मी सुपरमॅन म्हणून परत आलोय. नोव्हेंबरात जेम्स गन आणि पीटर सॅफ्रन हे नवे साहेब रुजू झाले. डिसेंबरात कॅव्हिलने जाहीर केलं, मी परत आलेलो नाही. बदलीची ऑर्डर निघून रद्द व्हायला आमच्याकडेसुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

गनचा 'सुपरमॅन' ११ जुलै २०२५ ला आला. त्यात सुपरमॅन गडबडीत एका खारीलाही वाचवतो, त्यावरून भाच्याकडे दोन रविवार गेले. आपल्या सेन्सॉरने चुंबनाची तेहतीस सेकंदं कापली, त्यावरून आणखी एक. आणि या एका मुद्द्यावर चौघांचं एकमत झालं, पोहेवालासुद्धा बोलला.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे आम्ही खिडकीवर दिवसातून दहा वेळा सांगतो. चाहते तर नॉमिनीही नाहीत. नॉमिनीचं निदान फॉर्मवर नाव तरी असतं. तरी त्यांची ठेव एका तारखेला पिकणार आहे. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे १९३८ च्या त्या तेरा पानांवरचा हक्क पंचाण्णव वर्षांनी संपतो, आणि १ जानेवारी २०३४ ला ती गोष्ट सर्वांची होते. शुस्टर १९९२ मध्ये गेला, सीगल १९९६ मध्ये. ते काही हे बघायला नाहीत. फक्त एक बारीक अट आहे. मोकळा होणार तो त्या पहिल्या गोष्टीतला सुपरमॅन, आणि त्याला उडता येत नव्हतं. तो नुसती उडी मारायचा. एका उडीत मैलाचा आठवा हिस्सा, म्हणजे साधारण दोनशे मीटर. उडायला तो पुढच्या अंकांत शिकला, तेव्हा उडण्याची मुदत नंतर पुरी होईल. तोवर त्याला उड्या मारतच जावं लागेल.