पारसनीस संग्रह

साताऱ्याचे संपादक व इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस (२७ नोव्हेंबर १८७०–३१ मार्च १९२६) यांनी जमविलेल्या ऐतिहासिक कागदपत्रांचा, चित्रांचा व वस्तूंचा संग्रह. प्रथम पारसनीसांच्या राहत्या घरी, पुढे साताऱ्याच्या सरकारी ऐतिहासिक संग्रहालयात आणि १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, असा त्याचा प्रवास झाला. अठराव्या शतकातील मराठ्यांच्या राजकारणाच्या अभ्यासासाठी तो एक महत्त्वाचा साधनसंग्रह मानला जातो.

पारसनीसांनी इतिहासाच्या क्षेत्रात प्रवेश केला, तो नियतकालिकाच्या मार्गाने. तरुण वयातच त्यांनी साताऱ्याहून महाराष्ट्र कोकिळ हे मासिक काढले. त्यानंतर भारतवर्ष (१८९८) व इतिहाससंग्रह (१९०८) ही केवळ इतिहासाला वाहिलेली नियतकालिके त्यांनी चालविली. काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांनी १८७८ मध्ये सुरू केलेल्या काव्येतिहास-संग्रहाने अस्सल कागद मासिकातून छापण्याची जी प्रथा पाडली, तीच पारसनीसांनी पुढे नेली. मासिकासाठी मजकूर हवा म्हणून कागद शोधावयाचे व छापलेला कागद पाहून इतर घराण्यांनी आपली दप्तरे दाखवावयाची, अशा परस्परपोषक क्रमाने संग्रह वाढत गेला. आपल्या परिसराविषयीही त्यांनी लिहिले. सातारा व महाबळेश्वर यांवरील त्यांची इंग्रजी पुस्तके प्रसिद्ध आहेत. सी. ए. किंकेड यांच्यासह त्यांनी लिहिलेला मराठ्यांचा इंग्रजी इतिहास १९१८ ते १९२५ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झाला.

पेशवाईच्या अस्तानंतर (१८१८) सरदार, मुत्सद्दी व सावकार यांच्या घरांतील कागदांचे व्यावहारिक प्रयोजन उरले नाही. मोडी वाचणारी पिढी सरत चालली. माळ्यावर बांधून ठेवलेले रुमाल वाळवी व पावसाचे पाणी यांच्या स्वाधीन झाले किंवा रद्दी म्हणून विकले गेले. अशा वेळी घरोघर जाऊन कागद हस्तगत करणारा संग्राहक हाच त्यांचा त्राता ठरे. पारसनीसांच्या संग्रहातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे वाईजवळच्या मेणवली येथील नाना फडणीसांचे दप्तर. नानांचा मृत्यू १८०० मध्ये झाला. ठिकठिकाणच्या वकिलांनी व सरदारांनी त्यांना पाठविलेली पत्रे या दप्तरात होती. या कागदांमुळे पेशवाईच्या उत्तरार्धातील राजकारण मूळ पत्रव्यवहारावरून तपासता येऊ लागले.

दूरच्या प्रदेशांच्या इतिहासालाही या परिश्रमांचा उपयोग झाला. पालघरजवळील केळवे-माहीमचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. या गावाच्या प्राचीन राजवटींविषयी महिकावतीची बखर हे साधन असून विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ते १९२४ मध्ये प्रसिद्ध केले. पोर्तुगीज अंमल संपविणाऱ्या वसईच्या मोहिमेसाठी मात्र समकालीन पत्रांकडे वळावे लागते. जानेवारी १७३९ मध्ये माहीम, केळवे व तारापूर ही ठाणी मराठ्यांनी घेतली. तारापूरच्या लढ्यात बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. मे महिन्यात वसई शरण आली. या काळात पेशवे कुटुंबाचा साताऱ्याजवळच्या धावडशी येथील ब्रह्मेंद्रस्वामींशी पत्रव्यवहार चालू होता. पारसनीसांनी स्वामींचे चरित्र त्यांच्या पत्रव्यवहारासह १९०० मध्ये प्रसिद्ध केले. माहीमच्या किनाऱ्यावरील घडामोडींचे धागेदोरे अशा प्रकारे देशावरच्या एका मठाच्या कागदांत सापडतात. एखाद्या गावाचा इतिहास त्याच गावात जतन झालेला असतो असे नाही. म्हणूनच एका ठिकाणचे दप्तर नष्ट झाले, तर त्याची झळ अनेक गावांना लागते.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. दप्तरातील कागदाला त्याच्या रुमालातील शेजारच्या कागदांमुळे अर्थ येतो. मासिकासाठी वेचलेले पत्र या संदर्भातून सुटते. ते कोणाच्या घरचे, कोणत्या जुडग्यातील, त्याच्या मागेपुढे काय होते, हे प्रत्येक वेळी छापील पानावरून कळत नाही. पराक्रम, राजकारण व थोरांची चरित्रे यांकडे वाचकांची ओढ असल्यामुळे हिशेब, कर्जरोखे व गावखात्याचे कागद मागे पडतात. शिवाय खाजगी संग्रहाचा उपयोग संग्राहकाच्या अनुज्ञेवर अवलंबून राहतो. छापलेल्या मजकुराचा पडताळा घेण्यासाठी मूळ कागद सुरक्षित व सर्वांना उपलब्ध असणे हाच यावरचा उपाय होय.

पारसनीसांच्या संग्रहाच्या बाबतीत हा उपाय बव्हंशी साधला. त्यांच्या खटपटीने साताऱ्यास सरकारी ऐतिहासिक संग्रहालय उभे राहिले व संग्रह खाजगी घरातून सार्वजनिक वास्तूत आला. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजची संशोधनसंस्था म्हणून पुनःस्थापना झाली आणि संग्रहालय तेथे हलविण्यात आले. राजवाडे यांचेही निधन १९२६ च्या अखेरीस झाले. त्यांच्या कागदांच्या जतनासाठी धुळे येथे १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. एक संग्रह सरकारच्या आश्रयाने, तर दुसरा चाहत्यांच्या पुढाकाराने टिकला. जदुनाथ सरकार यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या या सेवकांवर लिहिताना राजवाड्यांप्रमाणेच पारसनीसांच्या कार्याचीही दखल घेतली आहे.

पारसनीसांच्या ग्रंथांतील काही निष्कर्ष पुढील संशोधनाने मागे पडले, हे स्वाभाविक आहे. त्यांनी राखलेले कागद मात्र त्याच निष्कर्षांची फेरतपासणी करण्यास उपयोगी पडतात. संग्राहकाचे मत खोडून काढण्याची साधनेही त्याच्याच संग्रहातून मिळावीत, यात या संग्रहाचे खरे महत्त्व आहे.