संथ इंटरनेटचा माग : दोषाची जागा कशी सरकत गेली

घरातले इंटरनेट संथ होते तेव्हा बहुधा वाटेतली एकच जागा अडलेली असते. संगणकापासून दूरच्या सर्व्हरपर्यंतची वाट अनेक टप्प्यांची असते: घरातले वाय-फाय, राउटर, रस्त्यावरची तार, एक्स्चेंज, सेवा देणाऱ्या कंपनीचे जाळे आणि समुद्राखालची केबल. यांपैकी सर्वांत अरुंद टप्पा अख्ख्या वाटेचा वेग ठरवतो. गेल्या चार दशकांत ही अरुंद जागा एका टप्प्यावरून दुसऱ्यावर सरकत गेली आणि तिच्यामागून दोष शोधण्याची साधने व तो दुरुस्त करणारी माणसेही बदलली.

पहिली साधने घरोघरी इंटरनेट येण्याच्या आधीच तयार झाली होती. डिसेंबर १९८३मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करणाऱ्या मायकेल म्यूस यांनी ‘पिंग’ हा छोटा प्रोग्राम लिहिला. तो समोरच्या यंत्राला एक संदेश पाठवतो आणि उत्तर परत यायला किती मिलिसेकंद लागले ते सांगतो. ऑक्टोबर १९८६मध्ये कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचे बर्कली विद्यापीठ यांच्यातल्या जोडणीचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. दोन्ही ठिकाणांत अंतर होते जेमतेम चारशे यार्डांचे. तार शाबूत होती. पण पोच न मिळालेले संदेश प्रत्येक यंत्र पुन्हापुन्हा पाठवत होते आणि त्या गर्दीनेच वाट तुंबत होती. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरेल्स यांनी यावर उपाय काढला. संदेशांचा ओघ बेताने वाढवत न्यायचा आणि संदेश हरवू लागताच तो एकदम कमी करायचा, अशी ही रीत १९८८मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही इंटरनेटचा बराचसा व्यवहार तिच्याच पायावर चालतो. जेकबसन यांनी त्याच सुमारास ‘ट्रेसराउट’ही लिहिला. प्रत्येक संदेशावर त्याने किती राउटर ओलांडायचे याची मर्यादा नोंदलेली असते. ती एक, दोन, तीन अशी वाढवत नेली की वाटेतला एकेक राउटर मर्यादा संपल्याचे कळवतो आणि सगळा मार्ग टप्प्याटप्प्याने उलगडतो.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा सर्वांत अरुंद टप्पा होता टेलिफोनची तार. सुरुवातीचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट होता. त्या वेगाने एक मेगाबाइटची फाइल उतरायला सुमारे पाव तास लागे. पहिली अडचण तर वेगाच्याही आधीची असे. विदेश संचार निगमकडचे मोडेम मोजके असल्याने नंबर सतत ‘एंगेज’ लागे. जोडणी लागलीच, तर दोन मोडेम आवाजांची देवाणघेवाण करून लाइनला झेपेल तो वेग ठरवत आणि तो आकडा संगणकाच्या पडद्यावर दिसे. फोनमध्ये खरखर असली की हा आकडा खाली येई. त्यामुळे रिसीव्हर कानाला लावून लाइन ऐकणे हीच पहिली चाचणी होती. दुसऱ्या खोलीतला जोडफोन कुणी उचलला किंवा कॉल वेटिंगचा सूर मध्येच वाजला, तर जोडणी तुटे. १९९८मध्ये ५६ किलोबिटांचे मोडेम प्रमाणित झाले. पण तो आकडा गाठायला एक्स्चेंज डिजिटल आणि तार चांगली असावी लागे. अनेक घरांना प्रत्यक्षात त्याहून बराच कमी वेग मिळे.

१४ ऑक्टोबर २००४ रोजी केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले आणि किमान २५६ किलोबिटांच्या जोडणीलाच ब्रॉडबँड म्हणायचे, असे ठरवले. २००५च्या जानेवारीत बीएसएनएलची ‘डेटावन’ आणि मुंबई-दिल्लीत एमटीएनएलची ‘ट्रायबँड’ सेवा सुरू झाली. दोन्ही सेवा एडीएसएल तंत्रावर चालत. जुन्याच तांब्याच्या जोडीवर चार किलोहर्ट्झपर्यंत बोलणे आणि त्याच्या बऱ्याच वर डेटा, अशी यात विभागणी असते. दोन्ही वेगळे करणारा स्प्लिटर एखाद्या फोनला लावायचा राहिला, तर बोलताना खरखर येई आणि नेटही अडखळे. वारंवारता जितकी उंच तितकी ती तारेत लवकर क्षीण होते, म्हणून एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरवरच्या घराला वेग कमी मिळे. पावसाळ्यात केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरले की तक्रारी वाढत. मोडेमच्या पानावर आता दोन आकडे वाचता येऊ लागले: सिग्नल वाटेत किती क्षीण झाला आणि गोंगाटाच्या मानाने तो किती वर आहे. हा दुसरा आकडा सुमारे सहा डेसिबलच्या खाली गेला की जोडणी वारंवार तुटे. लाइनमनची रीत ठरलेली होती: घरातली सगळी वायरिंग सोडवायची आणि बाहेरून येणाऱ्या मूळ तारेवर थेट मोडेम लावून पाहायचा. तिथे वेग नीट मिळाला तर दोष घरात, नाहीतर घरांकडे तारा वाटणाऱ्या पेटीत, म्हणजे डीपी बॉक्समध्ये, किंवा त्याच्या पुढे.

काही तक्रारींत दोष मुळातच नसे. कंपनी वेग बिटांत सांगे आणि संगणक बाइटांत दाखवे. एक बाइट आठ बिटांचा असल्याने २५६ किलोबिटांच्या जोडणीवर पडद्यावर जास्तीत जास्त ३२ किलोबाइट दिसत. त्याच काळात मुंबई-पुण्यातल्या केबलवाल्यांनी गच्चीवरून गच्चीवर तारा ओढून इमारतींना नेट दिले. तिथे दुपारी चांगला मिळणारा वेग रात्री निम्म्यावर येई, कारण एकच वाहिनी अनेक घरांत वाटलेली असे. घरगुती ग्राहकांसाठी वाहिनी वाटण्याचे हे प्रमाण जास्तीत जास्त पन्नासास एक असावे, असे दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २००९मध्ये सुचवले. तेव्हापासून ‘कोणत्या वेळी संथ होते’ हा प्रश्नही महत्त्वाचा ठरला. ठरावीक वेळी येणारी मंदी गर्दीकडे बोट दाखवते, तर दिवसभर टिकणारी तारेकडे.

कधी अडथळा घरापासून हजारो किलोमीटरवर असे. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन समुद्री केबल तुटल्या आणि भारतातले इंटरनेट काही दिवस रेंगाळले. देशातल्या देशात जाणारी माहितीही पूर्वी अनेकदा परदेशातून फिरून येई. ती इथल्या इथेच वळावी म्हणून २००३मध्ये निक्सी ही संस्था स्थापन झाली आणि मुंबईसह काही शहरांत कंपन्यांची जाळी परस्परांना जोडणारी केंद्रे उभी राहिली. अशा दोषांत ग्राहकाच्या हाती ट्रेसराउटखेरीज काही नसे, पण दोष आपल्या घरात नाही एवढे त्यावरून समजे.

काचेचा तंतू घरापर्यंत आला तसा तांब्याचा काळ मागे पडला. प्रचलित जीपॉन तंत्रात सुमारे अडीच गिगाबिटांचा प्रवाह बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. तंतू पावसाने किंवा विजेच्या गोंगाटाने बिघडत नाही. तो जास्त वाकला, तुटला किंवा जोडाच्या टोकावर धूळ बसली की प्रकाश कमी होतो. प्रकाश पोहोचेनासा झाला की घरातल्या पेटीवर लाल दिवा लागतो.

अरुंद जागा मग घरातच सरकली. जानेवारी २००५मध्ये वाय-फायची २.४ गिगाहर्ट्झची पट्टी भारतात परवानामुक्त झाली होती. तिच्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, त्यामुळे दाटीच्या इमारतींत शेजाऱ्यांची वाय-फाय परस्परांना अडवू लागली. पाच गिगाहर्ट्झची पट्टी मोकळी असली तरी सिमेंटच्या भिंतींपलीकडे ती लवकर क्षीण होते.

शेवटचा मोठा शोध राउटरच्या पोटात लागला. मेमरी स्वस्त झाल्याने यंत्रांत संदेश साठवायची जागा वाढत गेली होती आणि मोठी फाइल चढवताना बाकीचे संदेश त्या साठ्यामागे खोळंबत. वेगाची चाचणी पूर्ण आकडा दाखवत असतानाही व्हिडिओ कॉल अडखळत असे. २०१०मध्ये जिम गेटिस यांनी आपल्या घरच्या जोडणीवर हा प्रकार हेरला. २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी संदेश रांगेत किती वेळ थांबला ते पाहून रांग आखूड ठेवण्याची रीत मांडली. तिच्यापासून निघालेली एक पद्धत २०१८मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत आरएफसी ८२९० म्हणून नोंदली गेली.

आजच्या दोषशोधनाचा क्रम याच इतिहासातून घडला आहे. आधी वाय-फाय वगळून तारेने वेग मोजतात आणि तो करारातल्या आकड्याशी, बिट-बाइटचा हिशोब जुळवून, ताडून पाहतात. मग हीच चाचणी दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी करतात. जोडणी रिकामी असताना आणि फाइल चढत असताना पिंग घेऊन राउटरमधली रांग तपासतात. शेवटी ट्रेसराउटने पुढची वाट पाहतात. २०२३मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा दोन मेगाबिटांवर गेली, म्हणजे २००४च्या सुमारे आठपट झाली. एकेक टप्पा वेगळा काढून मोजण्याची पद्धत मात्र मूळ तारेवर मोडेम लावून पाहणाऱ्या लाइनमनचीच आहे.