गोठलेल्या भाड्याची गोष्ट

मुंबईत गिरगाव, लालबाग, भायखळा या भागांतल्या जुन्या चाळींत आजही अशा खोल्या आहेत, की त्यांच्या महिन्याच्या मूळ भाड्यात दोघांचा वडापाव आणि चहादेखील होणार नाही. त्याच गल्लीतल्या नव्या इमारतीत तेवढ्याच जागेला हजारो रुपये मोजावे लागतात. हे कसं झालं? भाडेकरू लबाड, की घरमालक दुर्दैवी? खरं तर दोन्ही नाही. ही गोष्ट एका हंगामी कायद्याची आहे. तो काही वर्षांसाठी आला आणि अर्धं शतक राहिला.

पहिल्या महायुद्धात महागाई भडकली. गिरण्यांमुळे मुंबईत माणसांची रीघ लागलेलीच होती. जागा तेवढीच आणि मागणी मात्र वाढती, तेव्हा भाडी वाढणारच. म्हणून १९१८ साली मुंबई सरकारने पहिला भाडेनियंत्रण कायदा केला. संकट सरलं तसा तोही सरला. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तीच वेळ आली आणि पाठोपाठ फाळणी झाली. निर्वासितांचे लोंढे आले. या परिस्थितीत १९४७चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला आणि १३ फेब्रुवारी १९४८ रोजी तो अमलात आला.

या कायद्याचा गाभा दोन गोष्टींत होता. पहिली म्हणजे 'प्रमाण भाडे'. सप्टेंबर १९४०च्या सुमारास जागेचं जे भाडं होतं, तेच साधारणपणे कायम धरलं गेलं. दुसरी गोष्ट अशी, की भाडेकरू हे भाडं नियमित देत असेल तर त्याला सहजासहजी काढता येणार नाही. घरमालकाला स्वतःसाठी जागा हवी आहे, भाडं थकलं आहे, पोटभाडेकरू ठेवला आहे, अशी ठरावीक कारणं कोर्टात सिद्ध करावी लागत. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसांकडे तोच हक्क जाई. गिरणीतला कामगार, पेढीवरचा कारकून, विधवा आई यांच्या डोक्यावरचं छप्पर या कायद्याने टिकवलं, हे विसरून चालणार नाही.

पण भाडं गोठलं तरी सिमेंट, लाकूड आणि गवंड्याची मजुरी गोठली नाही. मालकाने दुरुस्ती सोडली. भाड्यात न मिळणारी किंमत मग दुसऱ्या दाराने आली. तिचं नाव पागडी. जागेत शिरताना एकरकमी पैसे द्यायचे, आणि पुढे जागा दुसऱ्याला देताना मालकाने आपला वाटा घ्यायचा, बहुधा तिसरा हिस्सा. १९४७च्या कायद्याने असे पैसे घेणं हा गुन्हा ठरवला होता. तरीही पावतीवर दहा-वीस रुपये आणि टेबलाखालून हजारो, असा व्यवहार राजरोस चालला.

काही मालकांनी वेगळी वाट काढली. 'भाडं' हा शब्दच टाळायचा आणि 'लिव्ह अँड लायसन्स'चा कागद करायचा, म्हणजे राहणारा भाडेकरू ठरत नाही. १९७३ साली सरकारने ही वाटही बुजवली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी वैध कराराने राहत असलेल्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. राहणाऱ्यांना दिलासा मिळाला, पण मालकांनी धसका घेतला. कुलूप लावून घर रिकामं ठेवलेलं परवडलं, असं पुष्कळांना वाटू लागलं. घरं असूनही मिळेनाशी झाली.

इकडे इमारती खचत होत्या. १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करून उपकर बसवण्यात आला. त्या वेळी मुंबई शहरात अशा इमारती होत्या १९,६४२. पुढे हे काम म्हाडाकडे आलं. तरी पावसाळा आला की धास्ती असेच. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि ३०हून अधिक माणसं गेली.

१९९७च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की भाडी अशी गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. त्यानंतर १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. तोवर पश्चिम महाराष्ट्राला एक, विदर्भाला दुसरा आणि मराठवाड्याला निजामी राजवटीनंतरचा हैदराबादचा तिसरा, असे तीन कायदे होते. आता राज्याला एकच कायदा मिळाला.

त्याने काय बदललं? जुन्या भाड्यात एकदा ५ टक्के आणि मग दरवर्षी ४ टक्के वाढ मान्य केली. पागडी कायदेशीर ठरवली. पण हिशेब करून पाहा. २० रुपयांचं भाडं २१ झालं. वाढीवर वाढ धरली तरी २५ वर्षांनी ते जेमतेम ५६ रुपये होतं. कर आणि उपकर वेगळे. थोडक्यात, जुन्या जागांपुरती गोठण तशी विरघळलीच नाही.

नव्या करारांना मात्र मोकळीक मिळाली. लायसन्सची मुदत संपली आणि राहणारा हलला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन जागा परत मिळवता येते, आणि दुप्पट दराने भरपाईही मागता येते. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, व नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वादात अटींविषयी भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत जुन्या नोंदणी कायद्यातून आलेली आहे; महाराष्ट्रात ती सूट नाही. दोघांनीही हे लक्षात ठेवावं.

जुन्या चाळींचं काय? १९८६ साली कायद्यात दुरुस्ती झाली. ७० टक्के भाडेकरूंनी मागणी केल्यास उपकरप्राप्त इमारत संपादित करून त्यांच्या संस्थेला देण्याची ही तरतूद होती. मालक कोर्टात गेले. त्यातूनच पुढे आलेल्या प्रश्नावर ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने म्हटलं, की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येणार नाही.

एका बाजूला मालकाचा हक्क आहे, तर दुसऱ्या बाजूला तीन पिढ्यांचा संसार. गरिबाला स्वस्त घर हवंच. पण त्याचा खर्च समाजाने उचलायचा, की एकट्या घरमालकाने? हा प्रश्न शंभर वर्षं पुढे ढकलला गेला, आणि त्याची किंमत शेवटी भिंतींनी आणि त्या भिंतींत राहणाऱ्या माणसांनी चुकवली.