ब्रह्मदेशमार्गे इगतपुरी

पेठच्या माणसाचं मन थाऱ्यावर नसलं तर शेजारी त्र्यंबक आहे. ब्रह्मगिरीवरच्या गुहेत गहिनीनाथांनी निवृत्तीनाथांना दीक्षा दिली, असं परंपरा सांगते. निवृत्तीनाथांची समाधीही त्र्यंबकलाच. पण हल्ली ‘दहा दिवसांचं शिबिर’ म्हटलं की बोट इगतपुरीकडे जातं, आणि तिथली विद्या, विपश्यना ध्यान, आली ब्रह्मदेशातून.

गंमत म्हणजे नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरात, म्हणजे आपल्या पांडवलेण्यांत, भिक्खू दोन हजार वर्षांपूर्वीच राहत होते. इगतपुरीचा धागा मात्र तिथवर पोचत नाही. शिबिरात बुद्धापासूनची अखंड गुरुपरंपरा सांगतात. कागदोपत्री माग लागतो तो ब्रह्मी भिक्खू लेडी सयाडोंपर्यंत (1846–1923). त्यामागचं श्रद्धेवर सोडावं. 1885 मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाश्रय गेला, तेव्हा या भिक्खूने ध्यान मठाबाहेर काढून संसारी माणसांपुढे ठेवलं. पुढचे गुरू सया थेटजी शेतकरी. त्यांचे शिष्य ऊ बा खिन हिशेबखात्यातले, पुढे ब्रह्मदेशाचे महालेखापाल. कचेरीतल्याच एका खोलीत ते हाताखालच्या लोकांना ध्यानाला बसवत. चीवर न घेतलेल्यांनी हे सांभाळलं, हेच मला मोलाचं वाटतं.

सत्यनारायण गोएंका मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी. अर्धशिशी अशी की मॉर्फिनशिवाय उतरेना. 1955 मध्ये ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर गुरूंनी आधी परतच पाठवलं: डोकेदुखीसाठी ही विद्या नाही! 1969 मध्ये भारतात येऊन त्यांनी मुंबईत पहिलं शिबिर घेतलं, त्यात आईवडीलही बसले. 1976 मध्ये इगतपुरीला धम्मगिरी केंद्र सुरू झालं.

तिथे पहाटे चारला घंटा होते. आर्यमौन म्हणजे बोलणं नाहीच, खाणाखुणाही नाहीत. पहिले तीन दिवस नुसतं आनापान: नाकपुडीखाली, वरच्या ओठावर श्वास लागतो तेवढी जागा पाहत बसायचं. हठयोगी श्वास आवरतो. इथे तो लांबवायचा नाही, मोजायचा नाही, जोडीला जपही नाही. गुडघे बोंबलतात आणि मन शांत व्हायचं सोडून भाऊबंदकीची जुनी भांडणं उकरतं. प्रत्यक्ष विपश्यना चौथ्या दिवशी.

गोएंका 2013 मध्ये गेले. सूचना आजही त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात मिळतात. फी नाही, देणगीसुद्धा एक शिबिर पुरं केलेल्याकडूनच घेतात. जायचं असेल तर अर्ज वेळेत भरा, आणि येण्याजाण्याचे धरून बारा दिवस मोकळे ठेवा.