सूर्याच्या प्रभामंडलातील तरंगांचे मंदायन
सूर्याच्या प्रभामंडलात उठलेल्या तरंगांचा जोर ओसरत जाण्याची क्रिया. दीप्तिगोलाचे (सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाचे) तापमान सु. ५,८०० के., तर वरच्या विरळ प्रभामंडलाचे १० लाख के.हून अधिक, ही उष्णता येते कुठून, या जुन्या प्रश्नामुळे या क्रियेला महत्त्व आहे; कारण ओसरणाऱ्या तरंगांची ऊर्जा उष्णतेत बदलू शकते.

१४ जुलै १९९८ रोजी एका सौर प्रज्वालानंतर चुंबकीय कमानी डावी-उजवीकडे हेलकावताना ‘ट्रेस’ उपग्रहाने टिपल्या. एका कमानीचा आवर्तकाल सुमारे सव्वाचार मिनिटे होता आणि तिचे हेलकावे पंधराएक मिनिटांतच क्षीण झाले. ही घट विलक्षण वेगवान होती. आज सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण अनुस्पंदी शोषणाचे आहे : अख्ख्या कमानीच्या डोलण्याची ऊर्जा तिच्या कडेच्या पातळ थरातील आल्फव्हेन तरंगांत (चुंबकीय क्षेत्ररेषांवरून जाणाऱ्या तरंगांत) उतरते. म्हणजे डोलणे थांबले, तरी तेवढी उष्णता त्याच क्षणी निर्माण झाली, असे मानता येत नाही.

उपकरण बदलले की दिसणारा तरंगही बदलतो. ‘सोहो’ या अवकाशयानावरील ‘सुमेर’ वर्णपटलेखकाला ६० लाख के.हून तप्त कमानींतील आंदोलने वर्णरेषांच्या डॉप्लर विस्थापनातून कळली. तेथे उष्णतासंवहन हे मंदायनाचे प्रमुख कारण मानतात. ‘हिनोडे’ उपग्रहावरील ‘ईआयएस’ या वर्णपटलेखकाने प्रभामंडलीय विवरांत (प्रभामंडलाच्या अंधुक भागांत) ठरावीक उंचीनंतर वर्णरेषांची रुंदी घटताना नोंदली. तरंगांच्या हालचालींमुळे वर्णरेषा रुंदावतात, म्हणून ही घट आल्फव्हेन तरंगांच्या क्षयाची खूण असू शकते. मात्र तेथे प्रकाश अत्यंत मंद असल्याने उपकरणात विखुरलेला प्रकाश आधी काटेकोरपणे वजा करावा लागतो. ‘कॉम्प’ या कोरोनाग्राफच्या निरीक्षणांत अधिक वारंवारतेचे तरंग लवकर क्षीण होताना आढळले. हे अनुस्पंदी शोषणाशी जुळते.